केरास जी१२डी आणि फुप्फुसातल्या सात गाठी : एक प्रकरण अभ्यास

डिसेंबर २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एकाच रुग्णाची हकिगत प्रसिद्ध झाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची पन्नाशीतली स्त्री, फुप्फुसांत पसरलेल्या सात गाठी, आणि तिच्याच गाठींतून काढून, प्रयोगशाळेत वाढवून, तिलाच परत दिलेल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मारेकरी पेशी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत, बेथेस्डा इथे, स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने हा उपचार केला. लेखात पहिलं नाव एरिक ट्रान यांचं. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरीही आतड्याच्या कर्करोगातल्या इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणाऱ्या उपचारांचा, विषय निघाला की हे प्रकरण बाजूला ठेवता येत नाही. जनुकातल्या बदलाला लक्ष्य करायचं तर काय काय जुळून यावं लागतं आणि ते कुठून निसटतं, या दोन्ही गोष्टी इथे एकाच देहात, वर्षभराच्या आत पाहायला मिळाल्या.

त्या वेळच्या बातम्यांमध्ये भर होता तो गाठी विरघळल्यावर. मला विचाराल तर या प्रकरणाचं खरं सार सातव्या गाठीत आहे, जी नऊ महिन्यांनी पुन्हा वाढली.

आधी नेहमीची वाट

पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात इम्युनोथेरपीचा विचार करताना ऑन्कॉलॉजिस्ट आधी एकच गोष्ट विचारतात : एमएसआय हाय आहे की स्टेबल? पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. त्या दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेला मिसमॅच रिपेअर, थोडक्यात एमएमआर, म्हणतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही तिच्यातली चार प्रथिनं पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर ओळीने लिहिलेली असतात. यांतलं एखादं बंद पडलं की चुका साचत जातात, आणि जिथे एकच अक्षर ओळीने पुन्हा पुन्हा येतं तिथे तर फारच. अशा जागांच्या या अस्थिरतेलाच एमएसआय म्हणतात : यंत्रणा बंद असली की ‘हाय’, शाबूत असली की ‘स्टेबल’. टीजीएफबीआर२ या जनुकात ‘ए’ हे अक्षर सलग दहा वेळा येतं. नक्कल करताना त्यांतला एक ‘ए’ गळला की पुढचं तीन-तीन अक्षरांचं सगळं वाचन सरकतं, आणि प्रथिनाच्या शेपटाला शरीराने कधीही न पाहिलेली अमिनो आम्लं लागतात. टी-पेशींना इतकी उघड परकी वस्तू क्वचितच मिळते.

मोठ्या आतड्याच्या सगळ्या कर्करोगांत असे एमएमआर बंद पडलेले सुमारे १५ टक्के असतात. दूरवर पसरलेल्या रोगात मात्र ते ४ ते ५ टक्क्यांवर येतात. २०१५ साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ रोधक, म्हणजे टी-पेशींवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक सोडवणारं, औषध दोन्ही प्रकारच्या रुग्णांना दिलं. एमएमआर बंद असलेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या १० रुग्णांपैकी ४ जणांच्या गाठी आटल्या. एमएमआर शाबूत असलेल्या १८ जणांपैकी एकाचीही नाही. गाठींतले बदल मोजले तेव्हा पहिल्या गटात सरासरी १,७८२ निघाले आणि दुसऱ्यात ७३. पुढे २०२० मध्ये ३०७ रुग्णांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबने रोग न वाढता गेलेला मध्यक काळ १६.५ महिने आला, केमोथेरपीने ८.२. २०२२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या अशाच १२ रुग्णांना नुसतं डोस्टार्लिमॅब हे दुसरं पीडी-१ रोधक औषध दिलं आणि बाराही जणांत गाठ दिसेनाशी झाली. ना शस्त्रक्रिया, ना रेडिएशन.

या आकड्यांनी सगळं क्षेत्र भारावून गेलं, आणि ते साहजिकही होतं. पण त्यांतून एक सोयीचा समज रुजला : बदल जास्त तर लक्ष्यं जास्त, बदल कमी तर आशा सोडा. ३०७ रुग्णांच्या त्याच चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्यांपैकी जवळपास २९ टक्क्यांचा रोग औषधाला न जुमानता वाढला होता, केमोथेरपीच्या गटातल्या सुमारे १२ टक्क्यांच्या तुलनेत. हजारो बदल असूनही. म्हणजे निव्वळ मोजणीने भागत नाही. आणि उरलेल्या ९५ टक्के रुग्णांचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. बेथेस्डाचं प्रकरण त्या दुसऱ्या बाजूने सुरू होतं. हजारो बदलांच्या भरवशावर न राहता तिथे एकच बदल पकडला.

एक अक्षर

तो बदल म्हणजे केरास जी१२डी. केरास हे जनुक १२व्या गुणसूत्रावर असतं. त्याच्या प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसिन असतं. डीएनएत जीजीटीच्या जागी जीएटी आलं, म्हणजे मधलं एकच अक्षर बदललं, की तिथे ॲस्पार्टिक आम्ल येऊन बसतं. मग ‘वाढ’ हा निरोप संपायला हवा तिथे संपत नाही, पेशी विभागतच राहते. आतड्याच्या कर्करोगात केरासमध्ये काही ना काही बदल सुमारे ४० टक्के रुग्णांत असतो, आणि असा बदल असला की सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब या नेहमी वापरल्या जाणाऱ्या औषधांचा उपयोग होत नाही. जी१२डी हा त्यांतला एक प्रकार, सुमारे १३ टक्क्यांत आढळणारा. स्वादुपिंडाच्या कर्करोगात तो ४५ टक्क्यांच्या आसपास सापडतो.

केरासवर औषध बसतच नाही, असं तीन दशकं म्हटलं जायचं. जी१२सी या प्रकारासाठी ती कोंडी फुटली, कारण तिथे आलेल्या सिस्टीनला औषधाचा रेणू कायमचा चिकटवता आला. पण जी१२सी आतड्याच्या कर्करोगात ३-४ टक्क्यांतच असतो. जी१२डीमध्ये सिस्टीन नाही, त्यामुळे ती युक्ती इथे लागू पडत नव्हती.

प्रतिकारशक्तीच्या बाजूने पाहिलं तर मात्र जी१२डी फार आकर्षक आहे. हा बदल रोगाच्या सुरुवातीलाच झालेला असतो, म्हणून तो मूळ गाठीतही असतो आणि फुप्फुसात गेलेल्या गाठीतही. निरोगी पेशींत तो नसतो. आणि कर्करोगाला तो टाकून देता येत नाही, कारण त्याच्याच जोरावर त्याची वाढ चाललेली असते. अडचण एकच : १८८-१८९ अमिनो आम्लांच्या प्रथिनात एक बदललेलं आहे, एवढा बारीक फरक टी-पेशीला कळणार कसा?

टी-पेशी अख्खं प्रथिन पाहत नाही. पेशीच्या आत प्रथिनांचे तुकडे होतात, आठ-दहा अमिनो आम्लांचे, आणि त्यांतले काही तुकडे एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसून पृष्ठभागावर येतात. टी-पेशी खाच आणि तुकडा असं जोडीने वाचते. एचएलएची जनुकं ६व्या गुणसूत्रावर असतात, ए, बी आणि सी असे मुख्य प्रकार, प्रत्येकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून. हजारो प्रकार माणसांत फिरताहेत आणि प्रत्येक प्रकाराच्या खाचेला वेगळे तुकडे रुचतात. त्यामुळे एकच बदल असलेल्या दोन रुग्णांपैकी एकीच्या पेशी तो बाहेर दाखवतील आणि दुसरीच्या पेशी तो आतच ठेवतील. नेहमीच्या जनुकीय रिपोर्टवर ‘केरास जी१२डी’ एवढंच लिहिलेलं असतं, खाचेबद्दल अक्षरही नसतं.

पेशी कशा हाती आल्या

रुग्णाच्या फुप्फुसातल्या काही गाठी शस्त्रक्रियेने काढल्या. त्यांचे बारीक तुकडे इंटरल्युकिन-२ हा टी-पेशींना वाढवणारा रेणू घातलेल्या द्रावणात ठेवले की गाठीत शिरलेल्या टी-पेशी बाहेर पडून वाढू लागतात. यांना टीआयएल म्हणतात. रोझेनबर्ग यांचा गट मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात हे काम अनेक वर्षं करत आला होता. आतड्याच्या कर्करोगात मात्र अशा सरमिसळ पेशी दिल्याने काही साधत नव्हतं. तिथे गाठीत शिरलेल्या बहुतेक टी-पेशींचा त्या गाठीशी संबंधच नसतो.

म्हणून निवड करावी लागली, आणि ती पद्धत थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे. गाठीच्या आणि निरोगी पेशींच्या डीएनएचं वाचन करून फक्त गाठीत असलेल्या बदलांची यादी काढतात. यादीतल्या प्रत्येक बदलासाठी एक छोटं जनुक रचतात : मध्ये बदललेलं अमिनो आम्ल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मूळ प्रथिनातली बारा-बारा. अशी अनेक छोटी जनुकं एका माळेत ओवून त्यांचा आरएनए रुग्णाच्याच डेंड्रिटिक पेशींत, म्हणजे टी-पेशींना तुकडे दाखवणाऱ्या पेशींत, घालतात. त्या पेशी स्वतःच तुकडे करतात आणि स्वतःच्या खाचांत बसवतात. म्हणजे कुठला तुकडा कुठल्या खाचेत बसेल याचं भाकीत संगणकाने करण्याची गरजच राहत नाही. जे बसायचं ते बसतं. मग या डेंड्रिटिक पेशींसोबत टीआयएल रात्रभर ठेवतात. ज्या टी-पेशींना ओळख पटते त्यांच्यावर ४-१बीबी हे प्रथिन उगवतं आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा हा इशाऱ्याचा रेणू सोडू लागतात. कुठल्या माळेने पेशी जाग्या झाल्या, माळेतल्या कुठल्या मण्याने, आणि रुग्णाच्या एचएलएपैकी कुठल्या प्रकाराने, असं एकेक करून शोधत जातात.

उत्तर आलं : केरास जी१२डी, आणि तो दाखवणारा रेणू एचएलए-सी०८:०२.

यातला दुसरा भाग अनपेक्षित होता. एचएलए-सी पेशीच्या पृष्ठभागावर ए आणि बीपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे शोध घेणारे सहसा ए-पासून सुरुवात करतात. सीच्या वाट्याला दुर्लक्षच येतं. इथे मात्र सी०८:०२ कामाचा ठरला, आणि का ठरला ते २०२० मध्ये स्फटिकरचनेच्या अभ्यासातून दिसलं. खाचेत बसणारा तुकडा नऊ अमिनो आम्लांचा आहे : ग्लायसिन, ॲलानिन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लायसिन, व्हॅलिन, ग्लायसिन, लायसिन, सेरिन, ॲलानिन. दुसरा त्याच्यापेक्षा एकाने लांब, शेवटी ल्युसिन असलेला. तिसऱ्या जागचं ॲस्पार्टिक आम्ल म्हणजेच तो कर्करोगाचा बदल. त्याच्यावर ऋण भार असतो आणि सी०८:०२च्या खाचेत त्याच्यासमोर धन भाराचं आर्जिनिन येतं. दोघांची पकड जुळते आणि तुकडा खोबणीत पाचर ठोकावी तसा घट्ट बसतो. मूळ प्रथिनात तिथे ग्लायसिन असतं. त्याला ना भार ना बाजूची साखळी, त्यामुळे निरोगी केरासचा तुकडा या खाचेत टिकतच नाही.

हे मुद्दाम इतक्या जवळून पाहिलं, कारण ‘एका अमिनो आम्लाचा फरक टी-पेशीला कसा कळतो’ याचं उत्तर इथे अगदी वेगळं निघतं. टी-पेशीला बारीक फरक ओळखावाच लागला नाही. बदललेला तुकडा खाचेत दिसतो, मूळ तुकडा दिसतच नाही. जो तुकडा निरोगी शरीरात कधी दाखवलाच गेला नाही, त्याच्याविरुद्धच्या टी-पेशी थायमसमध्ये, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या टी-पेशी जिथे छाटल्या जातात त्या ग्रंथीत, छाटल्या जाण्याचंही कारण नव्हतं.

उपचार आणि पहिले नऊ महिने

आधी सायक्लोफॉस्फामाइड आणि फ्लुडाराबिन ही केमोथेरपीची औषधं देऊन रुग्णाच्या शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट पेशी कमी केल्या. नव्या पेशींना जागा आणि पोषक रेणू मिळावेत म्हणून. मग एकाच वेळी १४८ अब्ज टी-पेशी शिरेतून दिल्या, आणि त्यानंतर त्यांना तगवण्यासाठी इंटरल्युकिन-२च्या पाच मात्रा. दिलेल्या पेशींपैकी सुमारे ७५ टक्के, म्हणजे १११ अब्जांच्या आसपास, सी०८:०२वरचा जी१२डी ओळखणाऱ्या होत्या. त्या चार वेगवेगळ्या वंशावळींच्या, ज्यांना क्लोन म्हणतात. एकट्या पहिल्या क्लोनच्या पेशी एकूण पेशींच्या निम्म्याच्या आसपास होत्या. इतक्या एकमार्गी पेशी आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णाला याआधी क्वचितच दिल्या गेल्या असतील.

सुमारे चाळीस दिवसांनी स्कॅन झाला. सातही गाठी आटल्या होत्या. पुढच्या स्कॅनमध्ये त्या आणखी लहान झाल्या, काही दिसेनाशा झाल्या. दिलेल्या पेशींचे वंशज महिन्यांनंतरही रक्तात सापडत होते.

नऊ महिन्यांनी सातातली एक गाठ पुन्हा वाढताना दिसली. बाकीच्या सहा शांत होत्या. ती एकच वाढत असल्याने ती शस्त्रक्रियेने काढणं शक्य होतं, आणि तसंच केलं. प्रकरण प्रसिद्ध झालं तेव्हा रुग्णाच्या शरीरात रोगाचा मागमूस नव्हता.

सातवी गाठ

काढलेल्या गाठीचं जनुकीय वाचन झालं तेव्हा पहिला संशय केरासवर जाणं स्वाभाविक होतं. पण जी१२डी जागेवर होता. पेशींनी तो टाकलेला नव्हता. टाकणं त्यांना परवडणारच नव्हतं. गेली होती ती ६व्या गुणसूत्राची एक प्रत, आणि नेमकी तीच जिच्यावर एचएलए-सी०८:०२चं जनुक होतं.

बदल तसाच राहिला, तो दाखवणारी खाच गेली. शंभर अब्ज टी-पेशी असल्या तरी त्यांना वाचायला काही उरलं नाही. ६व्या गुणसूत्राची दुसरी प्रत शाबूत असल्याने पेशीचं बाकी काम चालूच राहिलं. शिवाय यात आणखी एक बारकावा आहे. पेशीने एचएलए सगळंच्या सगळं टाकून दिलं असतं तर नॅचरल किलर पेशींनी तिला पकडण्याची शक्यता होती. त्या एचएलए नसलेल्या पेशींवरच उठतात. अर्धं टाकून अर्धं ठेवल्याने दोन्ही बाजूंनी सुटका झाली. अशी पेशी उपचाराआधीच त्या गाठीत कुठेतरी दडलेली होती की नंतर उपजली, याने निष्कर्ष फारसा बदलत नाही. ती एकदा असली की बाकीच्या मेल्यावर मैदान तिचंच.

म्हणून या प्रकरणाला ‘केरासवरची इम्युनोथेरपी’ असं नाव देणं मला अपुरं वाटतं. लक्ष्य केरास जी१२डी कधीच नव्हतं. लक्ष्य होतं ‘सी०८:०२मध्ये बसलेला जी१२डी’. या जोडीतला एक भाग कर्करोगाच्या जिवाशी बांधलेला, म्हणून टिकाऊ. दुसरा भाग त्याला काडीइतकाही उपयोगी नाही, म्हणून सहज टाकाऊ. जोडीची ताकद तिच्या कमकुवत बाजूएवढीच असते, आणि संशोधनाचं बरंचसं लक्ष तोवर भक्कम बाजूवर खिळलेलं होतं.

एचएलएची एक प्रत हरवणं ही या रुग्णापुरती विचित्र गोष्ट नाही, हे लगेचच कळलं. २०१७ मध्ये फुप्फुसाच्या नॉन-स्मॉल-सेल कर्करोगाच्या अभ्यासात सुमारे ४० टक्के रुग्णांत असं झालेलं आढळलं. एमएमआर बंद पडलेल्या आतड्याच्या कर्करोगात तर याची वेगळीच तऱ्हा दिसते. तिथे बऱ्याच गाठींत बी२एम हे जनुक बिघडतं आणि ए, बी, सी सगळेच पृष्ठभागावर येणं थांबतं. कागदावर अशा रुग्णांत पीडी-१ रोधक निकामी ठरायला हवेत. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांना उत्तम गुण येतो. २०२३ मध्ये डच संशोधकांनी दाखवलं की तिथे गॅमा-डेल्टा टी-पेशी काम करतात, ज्यांना एचएलएच्या खाचेत तुकडा लागत नाही. गाठीत अनेक प्रकारच्या पेशी आधीच जमलेल्या असल्या की एक दार बंद झालं तरी भागतं. बेथेस्डाच्या रुग्णात सगळी भिस्त एका जोडीवर होती.

किती जणांना लागू

आतड्याच्या कर्करोगात जी१२डी सुमारे १३ टक्के. अमेरिकेतल्या लोकसंख्येत सी०८:०२ असणारे दहा टक्क्यांच्या आसपास. दोन्ही एकत्र असण्याची शक्यता शंभरात एक, फार तर थोडी वर. केरास जी१२डी लिहिलेला रिपोर्ट हातात असणाऱ्या बहुतेक रुग्णांना या पेशींचा उपयोग नाही, आणि ज्यांना असू शकेल त्यांची एचएलए तपासणी कोणी केलेलीच नसते. आशियाई लोकांत एचएलए-ए११:०१ हा प्रकार बराच आढळतो. त्याच्या खाचेत बसणाऱ्या केरासच्या बदलांविरुद्धचे टी-पेशी ग्राहीही, म्हणजे तुकडा ओळखणारी टी-पेशींवरची प्रथिनं, सापडले आहेत. म्हणजे जोड्या वाढवता येतात. पण एकेक जोडी म्हणजे वेगळं संशोधन, वेगळी निर्मिती आणि वेगळी चाचणी.

केरास निदान अनेक रुग्णांत सारखा तरी असतो. रोझेनबर्ग यांच्या गटाने २०१९ मध्ये पचनसंस्थेच्या कर्करोगाच्या ७५ रुग्णांचा हिशेब मांडला. ८३ टक्के रुग्णांत गाठीतल्या किमान एका बदलाला ओळखणाऱ्या टी-पेशी सापडल्या. ऐकायला फार छान. पण तपासलेल्या बदलांपैकी ओळखले गेले ते अवघे १.६ टक्के, आणि जवळपास सगळे ज्याचे त्यालाच. एका रुग्णाचा बदल दुसऱ्याच्या उपयोगी नाही. सामाईक निघाले ते मोजके, त्यांत केरास. शरीर कर्करोगाला ओळखतं, यात शंका उरली नाही. पण ही ओळख प्रत्येक रुग्णात नव्याने शोधावी लागते, आणि एवढा वेळ पसरलेला रोग देतोच असं नाही.

नंतरचे प्रयत्न

या रुग्णाच्या टी-पेशींचे ग्राही पुढे दुसऱ्या कामी आले. ट्रान तोवर अमेरिकेतल्याच पोर्टलंडला गेले होते. तिथल्या गटाने ते ग्राही स्वादुपिंडाचा कर्करोग पसरलेल्या एका स्त्रीच्या स्वतःच्या टी-पेशींत जनुकीय तंत्राने बसवले. तिला जी१२डीही होता आणि सी०८:०२ही. १६.२ अब्ज पेशी एकदाच दिल्या आणि सहा महिन्यांनी तिच्या गाठी ७२ टक्के आटल्या होत्या. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. गाठीत शिरलेल्या पेशींचा शोध घेत बसण्याऐवजी तयार ग्राही वापरता येतात, हे यातून दिसलं, अर्थात खाच जुळत असेल तरच.

लसीची वाट वेगळी आहे. केरास जी१२डी आणि जी१२आर (त्याच बाराव्या जागचा दुसरा बदल) यांचे लांब तुकडे लिम्फ ग्रंथींत पोचतील अशा रीतीने देणाऱ्या एका लसीची २५ रुग्णांवरची चाचणी २०२४ मध्ये आली. २० स्वादुपिंडाचे, ५ मोठ्या आतड्याचे, सगळे शस्त्रक्रिया झालेले पण रक्तात रोगाची खूण शिल्लक असलेले. ८४ टक्के रुग्णांत टी-पेशी जाग्या झाल्या. तुकडा लांब असल्याने ज्याच्या खाचेला जो भाग मानवेल तो बसतो, एकाच एचएलएवर सारी भिस्त राहत नाही. रोग अगदी थोडा असतानाच लढाई सुरू करणं, हेही मला यात शहाणपणाचं वाटतं. शरीरात कर्करोगाच्या जितक्या कमी पेशी, तितकी खाच हरवलेली एखादी पेशी त्यांत असण्याची शक्यता कमी.

सर्वांत कल्पक उत्तर मात्र हरवलेल्या खाचेलाच कामाला लावतं. सीईए हे प्रथिन आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर भरपूर असतं, पण निरोगी आतड्यावरही असतं, त्यामुळे त्याच्यावर सोडलेल्या टी-पेशी निरोगी आतडंही जाळतात. काही रुग्णांच्या निरोगी पेशींवर एचएलए-ए०२ असतो आणि गाठीत तो हरवलेला असतो. अशांसाठी टी-पेशीला दोन ग्राही बसवतात : सीईए दिसला तर मार, पण सोबत ए०२ दिसला तर थांब. म्हणजे कर्करोगाने निसटण्यासाठी जे टाकलं, तेच त्याच्या ओळखीची खूण. याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.

आणि बेथेस्डातली मूळ पद्धत? तिचा ताळेबंद २०२४ आणि २०२५ मध्ये आला. रुग्णाच्याच बदलांविरुद्धचे ग्राही तिच्या किंवा त्याच्या रक्तातल्या टी-पेशींत बसवून ७ रुग्णांना दिले, सगळे आतड्याच्या कर्करोगाचे. तिघांच्या गाठी आटल्या आणि परिणाम चार ते सात महिने टिकला. टीआयएलचा हिशेब पचनसंस्थेच्या वेगवेगळ्या कर्करोगांच्या ९१ रुग्णांचा आहे. न निवडलेल्या पेशी मिळालेल्या १८ जणांत एकालाही गुण नाही. बदल ओळखणाऱ्या पेशी निवडून दिलेल्या ३९ जणांत तिघांना. आणि निवडलेल्या पेशींच्या जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब दिलेल्या ३४ जणांत आठांना, म्हणजे २३.५ टक्के. आतड्याच्या ज्या कर्करोगात एकटं पेम्ब्रोलिझुमॅब २०१५ मध्ये १८ पैकी शून्यावर होतं, तिथे योग्य टी-पेशी आधी पोचवल्या तर तेच औषध उपयोगी पडू शकतं, असा या शेवटच्या आकड्याचा कल आहे. उरलेल्या २६ जणांत खाच हरवली होती, पेशी थकल्या होत्या की गाठीपर्यंत पोचल्याच नव्हत्या, हे सांगायला प्रत्येक वाढलेली गाठ पुन्हा काढून वाचावी लागेल, जशी सातवी गाठ वाचली गेली. ती एकटीच वाढत होती आणि काढण्याजोग्या जागी होती, म्हणून ते जमलं. बहुतेक रुग्णांत रोग एकाच वेळी अनेक ठिकाणी उसळतो आणि सुईने काढलेल्या चिमूटभर नमुन्यावरच भागवावं लागतं.